हात वर न करणारी मुले



मागच्या महिन्यात एका वाचक भगिनीचा फोन आला. आवाजात राग होता आणि रागाच्या आड थोडे रडूही. त्यांचा मुलगा पाचवीत आहे. शाळेने शिष्यवृत्तीच्या जादा तासासाठी बारा मुले निवडली, त्यांत याचे नाव नाही. "बाई, हा घरी बंद पडलेला टेबलफॅन उघडतो आणि परत जोडतो. मोठ्या भावाच्या पुस्तकातली कोडी सोडवून ठेवतो. मग तो हुशार नाही, हे शाळेने कशावरून ठरवले?"

मी म्हटले, "शाळेत जाऊन विचारलेत का?"

त्या म्हणाल्या, "आम्ही काय विचारणार? बाईंनी निवडले म्हणजे बरोबरच असेल."

फोन ठेवला, पण त्यांचे शेवटचे वाक्य काही डोक्यातून जाईना. कारण अशा याद्या करणारी बाई मीच होते. एका तालुक्याच्या गावी मी 34 वर्षे शिकवले. माझी यादी नेहमी बरोबरच असे का? आज हे सदर त्याच प्रश्नावर लिहिते आहे, आणि सुरुवात माझ्या चुकीपासून करते.

नऊशेमधून अठरा

तेव्हा शिष्यवृत्ती परीक्षा चौथीला असायची. वर्गात 50-55 मुले. दिवाळीनंतर मी दहा-बारा मुलांची यादी करायचे आणि त्यांना शाळा सुटल्यावर तासभर जादा शिकवायचे. यादी कशी करायची? सहामाहीचे गुण, वहीतले अक्षर, रोजची हजेरी, आणि प्रश्न विचारला की हात वर करणारी मुले. मला वाटे, यात चुकण्यासारखे काही नाही.

त्या वर्गात भंगारच्या दुकानदाराची एक मुलगी होती. आठवडी बाजाराच्या दिवशी हमखास गैरहजर, कारण त्या दिवशी दुकानात हात कमी पडत. मागच्या बाकावर बसायची. घरी दखनी बोलायची, त्यामुळे मराठीत उत्तर द्यायला बिचकायची. हात कधी वर केला नाही.

एकदा मी गणित घातले: एका पोत्यात 49 किलो तांदूळ, तर 18 पोत्यांत किती? तिच्या वहीत फक्त उत्तर होते, 882. रीत नाही, हातचा नाही. मी म्हटले, "कुणाचे पाहून लिहिलेस?" ती गप्प. पुन्हा विचारल्यावर खाली मान घालून म्हणाली, "पन्नास धरले की नऊशे होतात. अठरा जास्त धरले होते, ते काढले."

नऊ वर्षांच्या मुलीने ही रीत स्वतः शोधली होती. दुकानात वजन-भाव करताना तिला ती सापडली असणार. माझ्यासमोर जे उभे होते ते मी ओळखायला हवे होते. मी काय केले? "पण रीत लिहायला हवी" असे सांगून अर्धे गुण कापले आणि पुढच्या बाकाकडे वळले. यादीत तिचे नाव आले नाही. सातवीनंतर तिने शाळा सोडली.

पहिल्या दारावरची गळती

कोणत्याही निवडीला दोन दारे असतात. दुसरे दार म्हणजे परीक्षा. तिथे सगळ्यांना एकच प्रश्नपत्रिका, एकच वेळ. आपण सगळे याच दाराची चर्चा करतो: पेपर अवघड होता का, तपासणी नीट झाली का. पण त्याआधी एक पहिले दार असते. परीक्षेला कोणाला बसवायचे, कोणाला जादा तासाला बोलवायचे, कोणाच्या पालकांना अर्जाची तारीख सांगायची, हे तिथे ठरते. त्या दारावर कोणी पाटी लावलेली नसते. सर्वांत जास्त मुले तिथेच गळतात, आणि गळाली हे कोणाच्या ध्यानातही येत नाही.

याचा एक मोठा पुरावा अमेरिकेत मिळाला. फ्लोरिडा राज्यात ब्रॉवर्ड नावाचा मोठा शालेय जिल्हा आहे. तिथे प्रज्ञावान मुलांसाठी खास वर्ग चालत. त्यासाठी बुद्धिमापन चाचणी द्यावी लागे. पण चाचणीपर्यंत तेच मूल पोचे, ज्याचे नाव शिक्षक किंवा पालक सुचवत. परिणाम असा की त्या वर्गांत कृष्णवर्णीय, स्पॅनिश बोलणाऱ्या कुटुंबांतील आणि गरीब घरांतील मुले फार थोडी दिसत. 2005 साली जिल्ह्याने एक साधा बदल केला. दुसरीतल्या प्रत्येक मुलाची एक छोटी चाचणी घेतली. तीत वाचायचे काही नव्हते, फक्त आकृत्या. त्यात चांगले गुण मिळवणाऱ्या मुलांना पुढच्या बुद्धिमापन चाचणीला पाठवले. पात्रतेची अट तीच ठेवली, सूट वाढवली नाही.

डेव्हिड कार्ड आणि लॉरा जिउलियानो या अर्थशास्त्रज्ञांनी त्याचा अभ्यास केला. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानुसार निवडल्या गेलेल्या कृष्णवर्णीय मुलांचे प्रमाण 80 टक्क्यांनी आणि स्पॅनिशभाषी कुटुंबांतील मुलांचे 130 टक्क्यांनी वाढले. ही मुले काही एका वर्षात हुशार झाली नव्हती. ती आधीही त्याच वर्गात, त्याच बाकावर बसत होती. त्यांना कोणी विचारले नव्हते, इतकेच. पुढे पैशांच्या टंचाईमुळे जिल्ह्याने ही सर्वांची चाचणी बंद केली, आणि दरी पुन्हा जवळपास पूर्वीइतकी झाली.

तिथल्या शिक्षकांच्या मनात द्वेष होता असे मी म्हणत नाही. माझ्याही मनात नव्हता. शिक्षकाला जे दिसते ते तो निवडतो, आणि त्याला नीटनेटकी वही, स्पष्ट उच्चार, पालकसभेला येणारे आईवडील हे आधी दिसते. त्याला हुशारी समजणे फार सोपे असते.

परीक्षाही चुकते

मग सगळ्यांची परीक्षा घेतली की प्रश्न मिटला का? पूर्ण मिटत नाही. 1921 मध्ये लुईस टर्मन या मानसशास्त्रज्ञाने कॅलिफोर्नियात असामान्य बुद्धीची मुले शोधून त्यांचा आयुष्यभर अभ्यास करायचे ठरवले. आधी शिक्षकांकडून नावे मागवली, मग चाचणी घेतली. दीड हजारांच्या आसपास मुले निवडली. विल्यम शॉकली आणि लुईस अल्वारेझ ही दोन मुले मात्र चाचणीत थोडी कमी पडली आणि बाहेर राहिली. शॉकली यांना 1956 मध्ये आणि अल्वारेझ यांना 1968 मध्ये भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. निवडलेल्यांपैकी पुष्कळजण आयुष्यात यशस्वी झाले, पण नोबेल एकालाही नाही.

म्हणून आज जाणकार एकाच चाचणीवर भिस्त ठेवत नाहीत. अमेरिकेतले शिक्षणतज्ज्ञ जोसेफ रेन्झुली यांनी 1978 मध्ये मांडले की प्रज्ञा तीन गोष्टींच्या भेटीतून दिसते: सरासरीपेक्षा बरी बुद्धी, नवे सुचण्याची शक्ती, आणि हाती घेतलेले काम चिकाटीने तडीस नेण्याची वृत्ती. आपल्याकडे पुण्यात 1962 साली आप्पा पेंडसे यांनी ज्ञान प्रबोधिनी सुरू केली, तीच मुळी बुद्धिमान मुलांसाठी काही वेगळे करावे म्हणून. तिथल्या प्रवेशासाठीही बुद्धीचे वेगवेगळे पैलू तपासणाऱ्या चाचण्या घेतल्या जातात, केवळ शाळेचे गुण पाहिले जात नाहीत. मुंबईच्या विज्ञान शिक्षकांच्या संघटनेतर्फे सहावी व नववीसाठी होणाऱ्या होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेतही लेखी परीक्षेनंतर प्रात्यक्षिक, मुलाखत आणि मुलाने स्वतः केलेला प्रकल्प पाहतात. तिथे पंखा उघडून जोडणाऱ्या मुलाला स्वतःला दाखवायची संधी असते.

घरी काय दिसते?

शाळेला वर्षातून 200 दिवस, तेही 50 मुलांमध्ये, तुमचे मूल दिसते. तुम्हाला ते रोज दिसते. त्यामुळे काही खुणा आधी घरातच सापडतात. मी इतक्या वर्षांत पाहिलेल्या खुणा सांगते.

मूल उत्तर बरोबर काढते, पण शिकवलेल्या रीतीने नाही, स्वतःच्या रीतीने. "का?" विचारते आणि उत्तर मिळाल्यावर त्या उत्तरावर आणखी एक "का?" विचारते. सोपी गणिते कंटाळून चुकवते, अवघड मात्र सोडवते. खेळताना नवे नियम बनवते. दादीला डॉक्टरांची चिठ्ठी समजावताना मराठीचे दखनी आणि दादीच्या बोलण्याचे मराठी सहज करते. दोन भाषा बोलणाऱ्या घरातले हे मूल शाळेत अडखळते, म्हणून ते मंद ठरते. प्रत्यक्षात ते दुप्पट काम करत असते. मदरशात नाझरा शिकताना एखादे मूल न सांगता म्हणते, "हा शब्द मागच्या सूरहमध्येही आला होता." पाठांतर चांगले असणे ही एक देणगी आहेच, पण असे नाते जोडता येणे ही त्याहून वेगळी देणगी आहे. दोन्हींकडे लक्ष द्या.

आणि मुलींबाबत जास्त लक्ष द्या. मुलगा बडबड करतो, वस्तू मोडतो, त्यामुळे त्याची हुशारी नजरेत येते. मुलगी अम्मीच्या हाताखाली काम करता करता हिशेब करते, धाकट्याला अभ्यास शिकवते, आणि आपण म्हणतो, "गुणाची पोर आहे." गुणाची आहेच, पण बुद्धीचीही आहे. तसे मोठ्याने म्हणा.

दारे कोणती, आणि अट काय

महाराष्ट्रातल्या घरांना ही तीन दारे माहीत असलीच पाहिजेत.

पहिले, शिष्यवृत्ती परीक्षा. पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद ती घेते. दोन पेपर, प्रत्येकी 150 गुणांचे. एकात प्रथम भाषा व गणित, दुसऱ्यात इंग्रजी व बुद्धिमत्ता चाचणी. मराठीप्रमाणे उर्दू माध्यमातूनही देता येते. पूर्वी ती चौथी-सातवीला होती, 2017 पासून पाचवी-आठवीला घेतली जाऊ लागली. इयत्तेत शासन बदल करत असते, म्हणून या वर्षीचे शाळेत विचारून घ्या.

दुसरे, जवाहर नवोदय विद्यालय. सहावीच्या प्रवेशासाठी पाचवीत असताना परीक्षा. 80 प्रश्न, 100 गुण, दोन तास. यांतले निम्मे गुण आकृत्यांच्या बुद्धिमत्ता चाचणीला आहेत, म्हणजे भाषा कच्ची असलेल्या मुलालाही वाव आहे. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. किमान 75 टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी आणि एक तृतीयांश मुलींसाठी असतात. अर्जाला फी नाही. शाळा निवासी आहे, राहणे-जेवण धरून. मुलींना वरच्या वर्गांतही फी पडत नाही. पण ही परीक्षा एकदाच देता येते, ती संधी हुकली की हुकली. मुलीला दूर ठेवायची काळजी मला समजते. म्हणून अर्जाआधी एकदा विद्यालयात जाऊन वसतिगृह पाहा, जेवणाची सोय, नमाज-रोजाची अडचण, सगळे प्राचार्यांना मोकळेपणाने विचारा. न पाहताच नकार देऊ नका.

तिसरे, आठवीत होणारी राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती परीक्षा, जिला सगळे एनएमएमएस म्हणतात. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांपेक्षा जास्त नसावे आणि सातवीला किमान 55 टक्के गुण असावेत. शासकीय, जिल्हा परिषद-नगरपालिका आणि अनुदानित शाळांतील मुलेच बसू शकतात. निवड झाली तर नववी ते बारावी दरवर्षी 12,000 रुपये मिळतात. दहावीनंतर मुलीची शाळा थांबवायची की नाही, हा विचार ज्या घरात चालू असतो, तिथे या रकमेचे मोल वेगळे असते.

एक छोटी गोष्ट, पण तिच्यापायी मुले अडकतात. आपल्या घरांत नावांचा घोळ फार. आधारवर "शेख", शाळेच्या दाखल्यावर "शैख", अब्बांचे नाव एका कागदावर आधी, दुसऱ्यावर नंतर. अर्जाच्या शेवटच्या दिवशी हे ध्यानात येते आणि मग धावपळ. मूल तिसरीत असतानाच सगळे कागद समोर ठेवून नाव एकसारखे करून घ्या. उत्पन्नाचा दाखलाही वेळेत काढा.

शाळेत काय बोलायचे

जादा तासाला सगळी मुले बसू शकत नाहीत, हे खरे आहे. पण चाचणी सगळ्यांची घेता येते. त्या बारा जणांची निवड करण्याआधी आकृत्यांची एक अर्ध्या तासाची चाचणी वर्गातल्या प्रत्येक मुलाने द्यावी, एवढीच मागणी करा. भांडू नका. "माझ्याच मुलाला घ्या" असेही म्हणू नका. "सगळ्यांना एकदा बसवा" असे म्हणा. नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांत मी हेच करू लागले होते. दर वर्षी दोन-तीन नावे अशी निघत की मी स्वतः चकित होई. त्यांतली बहुतेक मागच्या बाकावरची असत.

मुलाने घरी केलेले काही शिक्षकांना दाखवायला न्या: त्याने सोडवलेली कोडी, बनवलेली वस्तू, लिहिलेला कागद. "माझा मुलगा हुशार आहे" या वाक्यापेक्षा तो कागद जास्त बोलतो. परीक्षा परिषदेच्या संकेतस्थळावर जुन्या प्रश्नपत्रिका मिळतात, त्यासाठी महागडा क्लास लागत नाही.

मोहल्ल्यातही हे काम होऊ शकते. जुम्याच्या नमाजनंतर इतर सूचनांबरोबर "नवोदयचे अर्ज सुरू झाले, शेवटची तारीख अमुक" एवढे एक वाक्य सांगितले, तर ज्या घरात वर्तमानपत्र येत नाही तिथेही ते पोचते. कॉलेजातली दोन मुले-मुली एका संध्याकाळी मोबाइल घेऊन बसली तर वीस अर्ज भरून होतात.

आणि निवड नाही झाली तर? मुलाला शॉकली आणि अल्वारेझ यांची गोष्ट सांगा. यादी म्हणजे एका दिवशी एका कागदाने दिलेले मत. घरातले त्याचे कौतुक त्या यादीवर ठरू देऊ नका. आणि एका भावंडाची निवड झाली, दुसऱ्याची नाही, तर दोघांची तुलना पाहुण्यांसमोर मुळीच करू नका. त्या जखमा परीक्षेपेक्षा जास्त दिवस राहतात.

तारीख

दोन वर्षांपूर्वी त्याच गावी एका लग्नाला गेले होते. एक बाई जवळ येऊन सलाम करून म्हणाली, "बाई, ओळखलंत?" मी ओळखले नाही. तिने दुकानाचे नाव सांगितले, तेव्हा ओळखले. आता नवऱ्याच्या दुकानाचा सगळा हिशेब तीच पाहते म्हणाली. मी म्हटले, "तू फार हुशार होतीस."

ती हसली. "मी कुठे बाई? हुशार मुलांना तर तुम्ही शाळा सुटल्यावर थांबवून घ्यायचा."

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. मी काय बोलणार? माझ्या यादीवर तिने इतकी वर्षे माझ्यापेक्षा जास्त विश्वास ठेवला होता. मी तिला 49 किलोच्या पोत्यांची आठवण करून दिली. तिला ते गणित आठवत नव्हते. मी तिथेच तिची माफी मागितली. ती गोंधळली, "असं काय बोलता बाई," म्हणाली.

मग तिने मागे लपलेल्या मुलीला पुढे ओढले. दहा वर्षांची असेल. "ही पाचवीत आहे. ते नवोदयचे काय असते ना, त्याची शेवटची तारीख कधी आहे?"

मंडपातच कोणाचा तरी मोबाइल मागून आम्ही तारीख पाहिली. सहा दिवस उरले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या दोघींना घेऊन मी शाळेत गेले आणि अर्ज भरून झाल्यावरच गावाहून निघाले.

तुमच्या घरातल्या, शेजारच्या घरातल्या पाचवीतल्या मुलांची तारीख आज विचारून घ्या.